शेजारची मुलगी

रविवारी सकाळी नऊ वाजता रत्नाकररावांनी जाहीर केलं की आता उशीर झाला आहे, संग्रहालय पुढच्या रविवारी बघू. संग्रहालय अकराला उघडतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बंगळूरच्या राजाजीनगरहून बेन्सन टाउनला सुट्टीच्या दिवशी पाऊण तासाच्या वर लागत नाही हेही. सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं केसाएवढी मापं तपासलेल्या माणसाचं असलं गणित चुकत नसतं. त्यांना जायचंच नव्हतं आणि तसं सरळ म्हणायची हिंमत होत नव्हती.

"अप्पा, अकराचं बुकिंग आहे," सून गौरी कॉफीचा पेला त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली. "स्वल्प घोटभर घ्या आणि शर्ट बदला. बाहीवर कालची आमटी आहे."

"तुम्ही सगळे जा की. मी आणि सुलभा थांबतो घरी. तिचं बीपी..."

"माझं बीपी मला विचारा," सुलभाबाई म्हणाल्या.

त्या आठ वाजल्यापासून तयार होऊन दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. पायांत चपला, मांडीवर पर्स. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं असं दोन तास आधी तयार होऊन बसावं हे शमिकाला आजवर फक्त आजीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी दिसलं होतं.

ईशाननं वडिलांची बाजू घेतली. तो नेहमीच घ्यायचा. पीण्या औद्योगिक वसाहतीतला त्याचा छोटा कारखाना अप्पांच्या सल्ल्यानं उभा राहिला होता आणि त्या सवयीनं घरातले सल्लेही त्याला बरोबर वाटत. "आई, तिथं आहे काय शेवटी? एक फोटो. मी त्यांना मेल करून त्याची प्रिंट आणतो. हवी तेवढी मोठी. घरी बसून बघ."

"फोटो मी पाहिलाय. शमिकाच्या फोनवर पाहिला. खाली काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. ते बघायचंय मला."

"काय लिहिलेलं असणार?"

"नावं," सुलभाबाई म्हणाल्या. "रिबकानं पाठवलाय तो फोटो. दुसऱ्या कुणाकडे तो असायचं कारण नाही. आणि पाठवला तो या गावात पाठवला. तिनं माझं नाव लिहिलं असेल."

मागच्या रविवारी जेवताना शमिकानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शोधलेलं ते नवं ज्यू संग्रहालय फोनवर दाखवलं, त्यातला 'अलिबाग, १९६६' असा एक फोटो पुढे आला, आणि आजी हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, "कडेला उभी आहे ती मी." सुलभाबाई माहेरच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, थळकरांकडच्या, हे घरात माहीत होतं. पण नातेवाइकांत कुणाला जुनं दुखणं असतं आणि ते कुणी विचारत नाही, तसं ते माहीत होतं. पंचावन्न वर्षांत त्या घरात रिबका हे धाकट्या बहिणीचं नाव उच्चारलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि त्यानंतर आठवडाभर दुसरं काही बोललंच गेलं नाही.

रत्नाकरराव उठले आणि शर्ट बदलायला गेले.

गाडीत ते पुढे बसले, ईशानच्या शेजारी. मागे तिघी बायका. यशवंतपूरचा पूल येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बायकोच्या चेहऱ्यावर जी आशा दिसत होती ती त्यांना बघवत नव्हती. ती फुटली तर दोष आपला, हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

दोष जुना होता. एकोणसत्तर साली अलिबागच्या शाळेतली एक मास्तरीण आणि पुण्याचा एक नवा इंजिनियर यांनी मुंबईला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तिच्या वडिलांनी सदरा फाडला आणि मुलगी मेली म्हणून सात दिवस जमिनीवर बसले. इथपर्यंतचं दोघांनी मिळून केलेलं होतं, त्यात कोणी कुणाला बोल लावायचं कारण नव्हतं. पण बहात्तरच्या जानेवारीत एका मावसभावाचं पत्र आलं, की थळकर मंडळी सगळं विकून कायमची इस्रायलला चाललीत, अमुक तारखेला मुंबईहून विमान आहे. सुलभाबाईंना सातवा महिना होता. त्या म्हणाल्या, मला नुसतं लांबून बघायचंय. आणि रत्नाकरराव म्हणाले, आत्ता नको. बाळ होऊ दे, नातू पाहिला की राग उतरेल, मग आपण तिघं जाऊ. तापलेलं लोखंड निवू द्यावं असं त्यांच्या धंद्यातलं शहाणपण होतं. मार्चमध्ये ईशान झाला. सुलभाबाईंनी अलिबागच्या पत्त्यावर कळवलं, तर पाकीट तसंच परत आलं. पुढचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, आणि तो मावसभावही मग निघून गेला.

"सुलभा," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "नसेल लिहिलं तर?"

"लिहिलंय," मागून उत्तर आलं.

"समज नसेल."

"तुम्ही बहात्तर सालीही असंच समजावत होतात मला."

ईशाननं उगाचच हॉर्न वाजवला. गौरीनं सासूच्या हातावर हात ठेवला आणि तो पोहोचेपर्यंत काढला नाही.

गौरी बंगळुरातल्याच चिकपेटची. चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आलेलं आणि परत न गेलेलं मराठ्यांचं घराणं, घरात निम्मी मराठी आणि निम्मी कन्नड. लग्न होऊन राजाजीनगरला आली तेव्हा पुणेरी सासर आपल्या बोलण्याला हसेल म्हणून ती धास्तावली होती. हसले कुणीच नाहीत. सासूनं तर पहिल्याच दिवशी तिला दारात थांबवून फक्त एक गोष्ट शिकवली: घरात शिरताना उजव्या चौकटीला खांद्याएवढ्या उंचीवर बोटं लावायची आणि ती ओठांना लावायची. "आमच्यात असं करतात," एवढंच म्हणाल्या. गौरीनं ती सासरच्या वर्तकांची कुळाची रीत समजून मनोभावे उचलली. चौकटीचा तेवढाच रंग दर दोन वर्षांनी उडायचा आणि रंगारी दर वेळी विचारायचा, अक्का, इथं काय घासता? पुढे तिनं ती रीत माहेरीही नेली. घरात शांती राहते म्हणे, असं तिनं आपल्या पदरचं जोडून सांगितलं, आणि आज चिकपेटच्या त्या मराठा घरात तिचे अण्णा, दोघी वहिन्या, भाचरं, झाडून सगळी चौकटीला बोटं लावून आत येतात.

त्यामुळे बेन्सन टाउनच्या त्या जुन्या बंगल्याच्या पायऱ्या चढून झाल्यावर गौरीचा हात आपोआप उजवीकडे गेला. तिच्यामागून शमिकाचा गेला. ईशानचाही गेला, तो फोनवर बोलत होता तरी. फरक इतकाच की बोटांना या वेळी नुसतं लाकूड लागलं नाही. तिथं तिरकी बसवलेली पितळेची बोटभर डबी होती.

आतल्या टेबलामागची मुलगी उभीच राहिली. गळ्यात ओळखपत्र, नाव हर्षिता. तिनं कौतुकानं कन्नडमध्ये विचारलं, तुम्ही ज्यू समाजातले का?

"नाही नाही," गौरी म्हणाली, "आम्ही राजाजीनगरचे."

हर्षिताला हसू आवरेना. मग तिनं समजावून सांगितलं. ती डबी म्हणजे मेझुझा. आत चर्मपत्रावर धर्मवचनं असतात. ज्यू माणूस दारातून जाताना तिला बोटं लावून ओठांना लावतो. इतक्या महिन्यांत एवढं अख्खं कुटुंब ओळीनं असं करत आत आलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

गौरीनं मागे वळून पाहिलं. सुलभाबाई अजून बाहेरच्या पायरीवर होत्या. घरातल्या रिकाम्या चौकटीला पंचावन्न वर्षं न चुकता बोटं लावणारी ही बाई खऱ्या डबीसमोर मात्र पदरात हात गुंडाळून उभी होती.

"आई, या की."

"मला चालेल का ते ठाऊक नाही," सुलभाबाई हळू म्हणाल्या. "मी तिकडून बाहेर पडलेली आहे."

गौरीला भडभडून आलं. आपल्या माहेरच्या पंधरा माणसांना ती रीत चालली आणि जिची होती तिलाच ती चालेल की नाही असं वाटावं, याचा तिला रागही आला. तिनं सासूचा हात पदरातून सोडवला आणि धरून आत आणला. डबीला मात्र तो लावला नाही. ते ज्याचं त्यानं करायचं, असं तिला वाटलं.

तीनच खोल्या होत्या. पहिलीत कोचीचे, कलकत्त्याचे आणि बंगळूरचे ज्यू, दुकानांच्या पाट्या, एक शिवणयंत्र. दुसऱ्या खोलीत कोकण होतं. दारातच तेलघाण्याची लाकडी प्रतिकृती बघून सुलभाबाई अशा थबकल्या की मागून येणारे रत्नाकरराव त्यांच्यावर आदळले.

"हा उलटा जोडलाय," त्या म्हणाल्या. "बैल या बाजूनं फिरतो."

"तुला काय माहीत, आजी?"

"आमच्या दारात होता. माझ्या आजोबांचा. शनिवारी बंद असायचा. सगळं गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. मला शाळेत राग यायचा त्याचा." त्यांनी प्रतिकृतीच्या कठड्यावर हात ठेवला. "आता कुणी म्हटलं तर किती बरं वाटेल."

शमिकाला हे सगळं नवं होतं. ती विचारत गेली आणि आजी सांगत गेली. खोबरेल तेलाचा काचेचा दिवा, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत लावायचा. मलिद्याचं ताट, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि भोवती फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा नवस. तो त्याच्या रथातून अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर उतरला होता, घोड्याच्या टापा आहेत तिथं, मी पाहिल्यात. बाय मला कडेवर घेऊन गेली होती. बाय म्हणजे आमची आई. एवढं बोलताना गौरीनं सासूला आजवर ऐकलं नव्हतं. किती वर्षं हे पोटात ठेवून या बाईनं आपल्या घरी गौरी-गणपती केले, चकल्या तळल्या, असं तिच्या मनात येत राहिलं.

फोटो शेवटच्या भिंतीवर होता. घराची ओसरी. खुर्चीत काळी टोपी घातलेले वडील, शेजारी नऊवारीतली आई, तिच्या मांडीला टेकून परकर-पोलक्यातली पंधरा वर्षांची मुलगी. आणि पार उजव्या कडेला, चौघांत असूनही थोडी लांब, साडीतली एक तरुण मुलगी. ओले हात पुसत धावत आलेली, कॅमेऱ्याकडे न बघणारी. खाली इंग्रजीत आणि कन्नडमध्ये माहिती. त्याखाली फोटोची मागची बाजू, पाठवणारीच्या अक्षरात, मराठी.

सुलभाबाईंनी चष्मा पुसला. मग वाचलं. मग परत पुसला.

शमिकानं मोठ्यानं वाचलं. "बाबा. बाय. मी, रिबका." आणि ती थांबली.

"वाच की पुढं," ईशान म्हणाला.

"आणि शेजारची मुलगी."

सुलभाबाईंनी पर्सचा बंद नीट केला, खांद्यावरचा पदर नीट केला, आणि म्हणाल्या, "अक्षर तिचंच आहे. चला."

इथं घरातल्या बाजू उलटसुलट झाल्या. सकाळी यायलाच नको म्हणणारा ईशान पेटून उठला. "चला काय, आई? हे खोटं आहे! हर्षिता मॅडम, ही माहिती चुकीची आहे. ही बाई समोर उभी आहे. फॉर्म असेल ना काही दुरुस्तीचा? मी भरतो. आत्ता."

"ईशान, नको," गौरी म्हणाली. सकाळी सगळ्यांना घराबाहेर काढणारी तीच आता मागे ओढत होती. "आईंकडे बघ जरा. घरी जाऊ. सरी नाही हे, बरोबर नाही."

"मुलीनं आईबापांचं घर सोडलं म्हणून ती शेजारची होते?"

"अरे पण हे तिनं लिहिलंय, तिच्या बहिणीनं! आपण फॉर्म भरून ती बहीण होणार आहे का?"

हर्षिता मध्ये पडली. पाठवणाऱ्याच्या संमतीशिवाय त्यांना ओळ बदलता येत नाही, ती अवघडून म्हणाली. पण रिबका आंटींचा नंबर तिच्याकडे होता. इस्रायलमध्ये अश्दोदला असतात, एकट्याच, नातू जवळ राहतो. आत्ता तिकडे सकाळचे साडेनऊ झाले असतील. फोन लावायचा का?

"नाही," सुलभाबाई म्हणाल्या. "तिनं मला शेजारी केलं ना, मग मी शेजाऱ्यासारखी राहते. उगाच कुणाच्या घरात शिरू नये."

"लावा," रत्नाकरराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीजवळच्या बाकावर बसले होते आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"तुम्हीच तर म्हणत होता येऊ नये म्हणून," सुलभाबाई त्यांच्यावर उखडल्या. "तुम्हीच म्हणालात नसेल लिहिलं. झालं ना तुमचं खरं?"

"माझं खरं झालं म्हणूनच सांगतोय. बहात्तर साली तू म्हणालीस जाऊ, मी म्हटलं थांब. मी चुकलो, सुलभा. तेव्हाच चुकलो, आणि ते तुला सांगायला मला इतकी वर्षं लागली. आता तू थांब म्हणतेस. मी नाही थांबणार." ते हर्षिताकडे वळले. "लावा, बाई. जे काही असेल ते ऐकून घेऊ."

सुलभाबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांना वाटलं उठून निघून जावं. रिबका नको म्हणाली तर? ही कोण, मी ओळखत नाही, असं त्या आवाजात ऐकावं लागलं तर उरलेले दिवस कसे काढायचे? नाव लिहिलं असेल या आशेवर त्या आठवडाभर जगल्या होत्या, आणि खरं तर पंचावन्न वर्षंही. त्यांनी रत्नाकररावांचा हात धरला नाही, पण ते जवळ सरकले तेव्हा सरकूही दिलं.

घंटा वाजत राहिली. मग स्पीकरवर पलीकडून म्हाताऱ्या माणसांचा असतो तसला मोठा आवाज आला. हर्षितानं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, की आंटी, इथं काही लोक आलेत, ते तुमच्या फोटोतल्या उजवीकडच्या मुलीबद्दल विचारतायत.

"लिहिलंय ना मी मागे?" आवाज म्हणाला. हिंदीत प्रश्न, मराठीत उत्तर, तेही थेट अलिबागचं. "शेजारची मुलगी. तुमच्याकडे मराठी वाचणारं कुणी नाय काय?"

सुलभाबाईंनी फोन हातात घेतला. ज्या आवाजात त्या ईशानला लहानपणी खोटं पकडल्यावर विचारायच्या, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "कुठल्या शेजारची गं? आपल्या एका अंगाला विहीर आणि दुसऱ्या अंगाला घाणा. शेजार होता कुठं आपल्याला?"

हर्षिताला वाटलं फोन कट झाला.

"ताई?"

"हं."

"ताई, तू जिवंत आहेस?"

"सुतक तुम्ही धरलंत. मी मेले नव्हते."

मग बराच वेळ नुसतं रडणं आलं. सुलभाबाई रडल्या नाहीत. त्या फोन दोन्ही हातांनी धरून बसल्या. "रडून झालं की सांग," त्या म्हणाल्या, "असं का लिहिलंस ते. तू लिहिलंस म्हणून विचारते. बाबांनी लिहिलं असतं तर विचारलं नसतं."

"सांगते," रिबका म्हणाली. "ताई, तू गेलीस त्या आठवड्यात बाबांनी शिवणाची कात्री घेतली आणि पेटीतले सगळे फोटो काढले. जिथं जिथं तू होतीस तिथून तुला कापून टाकलं. माझ्यासमोर. बायसमोर. शेवटी हा हातात घेतला. तेव्हा बाय म्हणाली, त्यात नाहीये ती. बाबा म्हणाले, मग ही कोण? बाय म्हणाली, ती शेजारची मुलगी. फोटोवाला आला म्हणून बघायला आली होती. तिला कशाला कापता?"

"आणि बाबा?"

"बाबांना काय दिसत नव्हतं? तूच म्हणालीस, विहीर आणि घाणा. ते किती तरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, शेजारची असेल तर राहू दे. आणि कात्री ठेवून दिली."

रत्नाकररावांनी चष्मा काढला. ईशान भिंतीला टेकून उभा होता, हातातला कोरा फॉर्म त्यानं केव्हा चुरगाळला ते त्यालाही कळलं नाही.

"तुझं नाव घेणार नाही, लिहिणार नाही, असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता," रिबका सांगत होती. "मी पाळला. पण बंगलोरला म्युझियम निघालंय असं नातवानं सांगितलं तेव्हा म्हटलं, हा तिथं जाऊ दे. तू त्या गावात गेली होतीस एवढंच ठाऊक. नाव लिहायला हात धजेना, मग बाय जे म्हणाली होती ते लिहिलं. म्हटलं, ती बघेल तर ओळखेल." ती थांबली. "ताई, आता लिहायला सांग त्या पोरीला. सुलामिथ थळकर, मोठी मुलगी. आता कात्री धरणारं कुणी राहिलं नाही."

गौरीनं सासूचं ते माहेरचं नाव हर्षिताला कन्नडमध्ये सांगितलं. हर्षितानं वहीत लिहून घेतलं आणि एकेक अक्षर विचारून घेतलं. सुलभाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. आठवडाभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं, आणि त्या भलतंच विचारत होत्या.

"बाबा बघायचे तो फोटो?"

"बघायचे म्हणजे काय! इथं जेवायच्या टेबलासमोरच लावलेला. शुक्रवारी दिवा लागला, किद्दुशची प्रार्थना झाली, की बायला विचारायचे, ती शेजारची पोर कुठं असते गं आता? बाय म्हणायची, बंगलोरला असते म्हणे. बरी आहे ना? बरी आहे. मुलगा झालाय म्हणे. मग पुढच्या शुक्रवारी विचारायचे, चालायला लागला का तो? लागला म्हणे. बायला कुठलं माहीत, ताई? ती आपली मनानंच सांगायची. तुझ्या मुलाला तिनं शाळेत घातलं, गोवर काढली त्याची, मॅट्रिक पास केला, इंजिनियर केला. बाबा सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि मग पाव मोडायचे."

इंजिनियर झालेला बावन्न वर्षांचा मुलगा खाली मान घालून उभा राहिला. आपल्याला न पाहिलेल्या दोन म्हाताऱ्यांनी आपलं अख्खं लहानपण दर शुक्रवारी टेबलावर मांडलं होतं, हे त्याला सोसवेना.

"बाय गेल्यावर मला विचारायला लागले," रिबकाचा आवाज बारीक झाला. "मला बायसारखं जमेना गं. खोटं सांगायला मन होईना. मी म्हणायची, मला ठाऊक नाही, बाबा. गेले त्या आठवड्यातसुद्धा विचारलं. शेजारची पोर बरी आहे ना? मी तेच म्हटलं. ठाऊक नाही म्हटलं. तीस वर्षं झाली, ते माझ्या मनातून जात नाही."

आता सुलभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"त्यांच्या कबरीवर जातेस?"

"वर्षाला. ते गेले त्या तारखेला. पुढच्या महिन्यात आहे."

"मग यंदा सांग," सुलभाबाई म्हणाल्या. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, सून, नात, मुलगा, आणि शेवटी शेजारी बसलेला नवरा. "बरी आहे म्हणावं. मुलगा खरंच झाला, मार्चमध्ये. इंजिनियरही खरंच झाला. गोवर मात्र नाही आली, कांजिण्या आल्या होत्या. सून चांगली आहे, आपल्यापेक्षा जास्त आपली आहे. एक नात आहे. नवरा हट्टी आहे, पण चांगला निघाला. एवढं नीट सांग."

"सांगते, ताई."

"आणि सांग," त्या म्हणाल्या, "शेजारच्या पोरीनं विचारलंय, तुम्ही कसे आहात."